घेणे आणि घडवणे: वत्सगुल्म ते कारंजा

कवीला सुचते म्हणजे नेमके काय होते, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा देवावर सोडून दिला जातो. प्रतिभा ही देणगी, ती ज्याला मिळाली त्याला मिळाली, यापलीकडे आपली चर्चा सहसा जात नाही. वाचनाला या चर्चेत दुय्यम जागा मिळते. वाचन माणसाला विद्वान करते, पण कलावंत करत नाही, असे बरेच जण मानतात. जास्त वाचले तर स्वतःचा आवाज हरवेल अशी भीती बाळगणारे तरुण लेखकही कमी नाहीत. या समजुतीला उत्तर द्यायचे तर पुरावा फार दूर शोधावा लागत नाही. तो धनज बुद्रुकच्या परिसरातच मिळतो. धनज हे वाशीम जिल्ह्यातल्या कारंजा तालुक्याचे गाव. 1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा जिल्हा आज कापूस, तूर आणि सोयाबीनसाठी ओळखला जातो. पण धनजचे तालुक्याचे ठिकाण असलेले कारंजा आणि जिल्ह्याचे ठिकाण असलेले वाशीम, या दोन गावांनी मिळून सुमारे सोळाशे वर्षांचा एक वाङ्मयीन इतिहास सांभाळला आहे. निर्मिती ही वाचनातून होते आणि वाचलेल्यात कवीने काय बदल केला यावरच तिची थोरवी ठरते, असे या इतिहासाकडे पाहून मी म्हणतो.

सुरुवात वाशीमपासून करू. त्याचे जुने नाव वत्सगुल्म. वाकाटक घराण्याची धाकटी शाखा इथून राज्य करत होती आणि तिचा संस्थापक सर्वसेन हा पहिल्या प्रवरसेनाचा मुलगा, काळ चौथ्या शतकाचा. 1939 साली वाशीमला सर्वसेनाचा मुलगा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट सापडला. राज्यवर्ष 37 मधला तो लेख काही संस्कृतात, काही प्राकृतात कोरलेला आहे. तो हाती येईपर्यंत अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातल्या लेखातले सर्वसेनाचे नावसुद्धा नीट वाचले गेले नव्हते; इतिहाससंशोधक वा. वि. मिराशी यांनी ताम्रपटाच्या आधाराने वंशावळ दुरुस्त केली आणि वत्सगुल्मची शाखा इतिहासात आपल्या जागी बसली. हा राजा कवी होता. त्याने महाराष्ट्री प्राकृतात ‘हरिविजय’ नावाचे महाकाव्य लिहिले. विषय जुनाच होता: सत्यभामेसाठी कृष्णाने इंद्राचा पारिजात आणला, ती कथा.

‘हरिविजय’ आज पूर्ण स्वरूपात उपलब्ध नाही. नंतरच्या ग्रंथकारांनी उद्धृत केलेले तुकडेच तेवढे उरले आहेत. तरी त्याविषयी जे कळते ते या लेखाच्या दृष्टीने फार मोलाचे आहे. नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोक’ हा काव्यशास्त्राचा ग्रंथ लिहिला. त्याच्या तिसऱ्या उद्योतात, म्हणजे प्रकरणात, एक महत्त्वाचा मुद्दा येतो. परंपरेने चालत आलेली कथा कवीने घ्यावी, पण तिच्यातला जो भाग रसाला बाधक असेल तो सोडून द्यावा आणि रसाला पोषक असे काही नवे कल्पून घालावे. आनंदवर्धनाने याची उदाहरणे म्हणून कालिदासाचे प्रबंध, सर्वसेनाचे ‘हरिविजय’ आणि स्वतःचे ‘अर्जुनचरित’ यांची नावे दिली. पुढे ‘ध्वन्यालोका’चा टीकाकार अभिनवगुप्त याने सर्वसेनाचा बदल कोणता तेही सांगितले: रुसलेल्या प्रियेची समजूत घालण्याचा भाग म्हणून पारिजातहरण रंगवणे, जे इतिहासग्रंथांत तसे आढळत नाही. म्हणजे वत्सगुल्मच्या राजाने जुनी कथा ऐकली, वाचली, आणि देवादिकांच्या पराक्रमाचा प्रसंग एका घरातल्या मनधरणीकडे वळवला. काश्मीरच्या पंडिताने चारपाचशे वर्षांनी त्याचे काव्य वाचले तेव्हा त्याच्या नजरेत भरले ते नेमके हेच वळण. कथेच्या नवेपणाला त्याने गुण दिले नाहीत. घेतलेल्या कथेला दिलेल्या वळणाला दिले.

त्याच आनंदवर्धनाने ‘हरिविजया’च्या शेजारी आपले ‘अर्जुनचरित’ ठेवले, ही गोष्ट मला विशेष वाटते. सिद्धान्त सांगणारा स्वतः काव्य लिहिणारा होता, आणि आपण कोणाच्या रांगेत उभे आहोत हे त्याने लपवले नाही. सर्वसेनाचा वाचक पुढेही सुटला नाही. काव्यशास्त्रकार कुंतकाने सुकुमार मार्गाचे, म्हणजे कोमल शैलीचे, कवी सांगताना कालिदासाबरोबर सर्वसेनाचे नाव घेतले. धारच्या भोजाने त्याच्या गाथा उद्धृत केल्या, गुजरातेत हेमचंद्राने त्याची उदाहरणे दिली. विदर्भातल्या एका गावी प्राकृतात लिहिलेले काव्य काश्मीर, माळवा आणि गुजरात इथले लोक आठशे वर्षे वाचत होते.

आता राजशेखराकडे येऊ, कारण निर्मितीविषयी इतक्या जवळून बोललेला दुसरा कवी आपल्या जुन्या वाङ्मयात सापडणे कठीण आहे. तो यायावर कुळातला. पणजोबा अकालजलद हे महाराष्ट्राचे भूषण म्हणून नावाजलेले. राजशेखराची हयात कनौजच्या प्रतीहारांच्या आणि त्रिपुरीच्या कलचुरींच्या दरबारांत गेली, नवव्या शतकाच्या अखेरीस आणि दहाव्याच्या आरंभी. त्याची पत्नी अवंतिसुंदरी चाहमान कुळातली. त्याचे ‘कर्पूरमंजरी’ हे संपूर्ण प्राकृतातले नाटक तिच्या इच्छेने रंगमंचावर आले आणि ‘काव्यमीमांसा’ या काव्यशास्त्रावरच्या ग्रंथात राजशेखर तिची मते इतर आचार्यांच्या मतांइतक्याच आदराने नोंदवतो. हा ग्रंथ 1916 साली बडोद्याच्या गायकवाड प्राच्यविद्या ग्रंथमालेचे पहिले पुष्प म्हणून छापला गेला. त्यात एक कथा आहे. सरस्वतीचा मुलगा काव्यपुरुष रुसून घर सोडतो. त्याला वळवण्यासाठी गौरी साहित्यविद्या नावाची वधू निर्माण करते. ती त्याच्या मागोमाग पूर्वेकडे जाते, पांचालात जाते, अवंतीत जाते. प्रत्येक देशात तिचा वेश, नृत्य आणि बोलण्याची धाटणी बदलते आणि तो थोडाथोडा वळत जातो. शेवटी तो पूर्णपणे तिचा होतो तो विदर्भात, आणि दोघांचा गांधर्वविवाह लागतो तो वत्सगुल्म नगरात. ‘कर्पूरमंजरी’च्या आरंभी तर त्याने वैदर्भी या काव्यशैलीला वत्सगुल्मवरूनच वच्छोमी असे नाव दिले आहे.

राजशेखराच्या काळी वाकाटकांचे राज्य संपून चारशे वर्षे होत आली होती. वाशीमला तेव्हा कुठला मोठा दरबार उरला नव्हता. तरीही कनौजच्या दरबारी कवीला काव्य आणि साहित्यविद्या यांचे लग्न लावायला हेच गाव आठवले. मागच्या पिढ्यांनी लिहिलेले आणि पुढच्यांनी वाचत ठेवलेले काव्य नसते तर ही आठवण कुठून आली असती? आणि आपण कोणाचे वारस आहोत, हे तो उघड सांगतो. ‘बालरामायण’ या नाटकात त्याने आपली परंपरा दिली आहे: आधी वाल्मीकी, मग भर्तृमेंठ, मग भवभूती, आणि आता तोच राजशेखर म्हणून वावरतो आहे. यातला भवभूती विदर्भातल्या पद्मपूरचा. आपल्यावर कोणत्या वाचनाचा प्रभाव पडला हे सांगण्याची याहून ठाम रीत मला माहीत नाही. तो पूर्वसूरींना नुसते वंदन करत नाही, त्यांचाच पुढचा जन्म म्हणून उभा राहतो.

‘काव्यमीमांसे’चा दहावा अध्याय कवीच्या रोजच्या जगण्याविषयी आहे आणि तो सावकाश वाचण्यासारखा आहे. कवीजवळ काय काय असावे याची यादी तिथे मिळते: पेटी, फळा आणि खडू, लेखणी आणि दौत, ताडपत्रे किंवा भूर्जपत्रे, लोखंडी टोचणीसह ताडपाने, आणि घासून स्वच्छ केलेल्या भिंती, म्हणजे सुचले की तिथेच लिहिता यावे. दिवस आणि रात्र यांचे प्रहर पाडलेले आहेत. पहिला प्रहर विद्यांच्या अध्ययनाचा, दुसरा रचनेचा, जेवणानंतरचा काव्यगोष्टींचा, चौथा सकाळच्या रचनेची तपासणी करण्याचा. तपासताना रसाच्या भरात न दिसलेले दोष दिसतात, तेव्हा जादा असेल ते काढावे, उणे असेल ते भरावे, विसरलेले आठवावे. नवे काव्य एकट्यादुकट्यासमोर वाचू नये असा इशाराही आहे, कारण त्याने ते आपले म्हणून सांगितले तर साक्षीदार कोण? लिहिणाऱ्यांचे प्रकारही त्याने वेळेवरून पाडले आहेत: गुहेत किंवा तळघरात बसून सदासर्वदा लिहिणारा, लहर लागली की बसणारा, चाकरी सांभाळून उरलेल्या वेळात लिहिणारा, आणि प्रसंग आला की लिहिणारा. हजार वर्षांपूर्वीचा हा माणूस नोकरी करून लिहिणाऱ्याला कमी लेखत नाही. त्याच्यासाठी पहाटेची आणि जेवणानंतरची वेळ सुचवतो. या दिनक्रमात अध्ययन रचनेच्या आधी येते, आणि ते रोज येते.

इथे पहिला आक्षेप उभा राहतो, आणि तो राजशेखराच्याच शब्दांतून उचलता येतो. त्याने मते दिलेल्या आचार्यांपैकी श्यामदेव म्हणतो की काव्यात एकाग्रता मुख्य, मंगल म्हणतो की अभ्यास मुख्य; पण राजशेखर दोघांनाही बाजूला सारून सांगतो की काव्याचे खरे कारण एकटी शक्ती. त्या साधनांच्या यादीनंतरही तो म्हणतो की आचार्य याला काव्यविद्येचा सरंजाम म्हणतात, पण खरा सरंजाम प्रतिभाच. मग वाचनाची एवढी महती कशासाठी? उत्तर त्याच ग्रंथात आहे. एकाग्रता आणि अभ्यास शक्तीला उजळतात असे तो तिथेच म्हणतो, आणि कवित्वाच्या आठ माता सांगितल्या आहेत त्यांत प्रतिभा ही आठांपैकी एक आहे. बाकीच्या आरोग्य, अभ्यास, भक्ती, विद्वानांशी संवाद, बहुश्रुतता, पक्की स्मरणशक्ती आणि न खचणारे मन. जन्मजात कवी, अभ्यासाने झालेला कवी आणि उपदेशाने झालेला कवी यांत श्रेष्ठ कोण, या वादातही त्याचा निकाल स्पष्ट आहे: ज्याचे काव्य उत्कृष्ट तो श्रेष्ठ, आणि उत्कर्ष अनेक गुण एकत्र आल्याशिवाय होत नाही. प्रतिभा बी असेल, पण जमिनीत ओल नसताना बी रुजत नाही, हे कोरडवाहू शेती करणाऱ्या या मुलखात समजावून सांगण्याची गरज नाही.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. इतके वाचून लिहायचे तर उसनवारी होणारच. मग त्याला निर्मिती का म्हणायचे? राजशेखराने हा प्रश्न टाळला नाही. त्याने हरणावर, म्हणजे दुसऱ्याच्या काव्यातून घेण्यावर, तीन अध्याय लिहिले. शब्दांचे हरण वेगळे, अर्थाचे वेगळे. अर्थाच्या बाबतीत त्याने पायऱ्या लावल्या आहेत. जुनाच अर्थ फक्त वेगळ्या वाक्यरचनेत आणला तर ते आरशातले प्रतिबिंब, आणि ते कवीने करू नये. थोडा संस्कार करून वेगळे भासवले तर ते चित्रासारखे. विषय वेगळा, पण साम्यामुळे जवळचे वाटले तर एकसारख्या देहांच्या दोन माणसांसारखे. आणि मूळ तेच असून सगळी घडण पालटली तर दुसऱ्याच्या नगरीत शिरून ती आपली करण्यासारखे. कवी चोरी करतच नाही असे तो म्हणत नाही. घेणे अपरिहार्य आहे, पण घेण्याघेण्यात फरक आहे, हे तो तपशिलाने दाखवतो. कवीने कुठून घ्यावे याची जी सोळा उगमस्थाने तो मोजतो त्यांत वेद, स्मृती, पुराणे, शास्त्रे आहेत, तशीच लोकांची रीतभातही आहे. या परंपरेची अधोगती झाली नाही असे मात्र मी म्हणणार नाही. उत्तरकाळात ठरीव उपमा आणि ठरीव ऋतुवर्णने यांचे ढीग पडले आणि प्रतिबिंबालाच काव्य मानणारे दरबार निपजले. पण तो दोष वाचनाचा नव्हता. वाचून काहीच न बदलणाऱ्यांचा होता. राजशेखराने सर्वांत खालची पायरी दाखवून ठेवली होती. तिच्यावर बसून राहणाऱ्यांना त्याने परवानगी दिलेली नाही.

घेतलेले कबूल करण्याचा सर्वांत सुंदर पुरावा मात्र कारंज्याशी जोडलेला आहे. कारंजा लाड हे श्रीनृसिंहसरस्वतींचे जन्मगाव म्हणून दत्तभक्तांना ठाऊक आहे आणि ‘गुरुचरित्रा’ची पारायणे घरोघर होतात. त्याच गावात दिगंबर जैनांच्या सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ यांच्या भट्टारकपीठांनी शतकानुशतके हस्तलिखिते जमवली. 1926 साली रायबहादूर हिरालाल यांची मध्यप्रांत-वऱ्हाडातल्या हस्तलिखितांची सूची प्रसिद्ध झाली तेव्हा या भांडारांची श्रीमंती अभ्यासकांच्या लक्षात आली. तोवर अपभ्रंश भाषेतले फार थोडे वाङ्मय छापून उजेडात आले होते. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात शिकवणारे डॉ. हिरालाल जैन आणि त्यांच्याबरोबर प. ल. वैद्य यांनी या भांडारांतली अपभ्रंश काव्ये संपादित केली आणि कारंज्याच्या अंबादास चवरे ग्रंथमालेतून 1931 ते 1934 या काळात ‘जसहरचरिउ’, ‘सावयधम्मदोहा’, ‘पाहुडदोहा’, ‘णायकुमारचरिउ’, ‘करकंडचरिउ’ हे ग्रंथ बाहेर आले. मराठीच्या पूर्वरूपाचा अभ्यास करणाऱ्यांना त्यामुळे हाताशी भक्कम साधन मिळाले.

यांतले ‘जसहरचरिउ’ हे दहाव्या शतकातल्या पुष्पदंताचे. पुष्पदंत मान्यखेटला राष्ट्रकूटांच्या अमात्याच्या आश्रयाने लिहीत होता. त्याच्या ‘महापुराणा’च्या आरंभी तो भारवी, बाण, चतुर्मुख, स्वयंभू अशी नावे घेतो आणि आपण यांतले काही पाहिलेले नाही असे नम्रपणे म्हणतो. जो ही नावे एवढ्या क्रमाने घेतो, त्याच्या मनात ती किती खोल बसली होती हे त्याच्या नकारातूनच कळते. ‘जसहरचरिउ’ची गोष्ट याहून वेगळी. 1308 साली दिल्लीत, तेव्हाच्या योगिनीपुरात, वीसल साहू नावाच्या श्रावकाने गंधर्व नावाच्या कवीला सांगितले की पुष्पदंताच्या काव्यात काही प्रसंग हवे होते, ते घाल. गंधर्वाने तीन भाग रचून मूळ काव्यात बसवले. आणि प्रत्येक ठिकाणी लिहून ठेवले की हे पुष्पदंताचे नाही, माझे आहे, आणि आधार अमक्या जुन्या कवीचा आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या काव्यात आपले शब्द कोणाला न कळता मिसळून देणे त्याला सहज शक्य होते. त्याने तसे केले नाही, म्हणून 1931 साली संपादकाला मूळ आणि भर वेगळी करता आली. वाचक लेखक कसा होतो हे इथे पानावर दिसते: आधी रसिक म्हणून उणीव जाणवणे, मग ती भरणे, आणि भरताना शिवण दिसू देणे.

आता तिसरा आक्षेप, आणि तो धनजसारख्या गावातून यायला हवा. हा सगळा इतिहास राजांचा, भट्टारकांचा, धनिक श्रावकांचा. नांगर धरणाऱ्याला यात जागा कुठे? हा आक्षेप अर्धा खरा आहे आणि तो मान्य केला पाहिजे. पोथी हातात घेण्याचा अधिकार फार थोड्यांना होता, आणि किती प्रतिभा त्यामुळे वाया गेली याचा हिशेब कधीच लागणार नाही. पण उरलेला अर्धा भाग असा, की सर्वसेनाने आणि पुष्पदंताने संस्कृत बाजूला ठेवून लोकांना जवळच्या भाषा निवडल्या. सर्वसेनाच्या काही गाथा ‘गाथासप्तशती’त मानल्या जातात आणि त्या संग्रहात शेत, नदी, गावचा पाटील, सासू-सुना यांचेच जग आहे. शिवाय न वाचताही वाचन होत असे. खानदेशातल्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते, हे उदाहरण नेहमी वाचनाविरुद्ध दिले जाते. पण कीर्तन, पोथीश्रवण, जात्यावरच्या ओव्या यांनी त्यांचे कान भरलेले होते, आणि ओवीचा साचा त्यांनी परंपरेतूनच घेतला. त्यांची गाणी मुलगा सोपानदेव यांनी उतरवून घेतली नसती आणि 1952 साली ती पुस्तकरूपाने आली नसती, तर आज आपण त्यांच्याविषयी बोललोच नसतो. आठ मातांमध्ये राजशेखराने अक्षरओळख मोजली नाही, बहुश्रुतता मोजली. राजशेखराने हेही सांगितले आहे की पुरुषांप्रमाणे स्त्रियाही कवी होतात, कारण संस्कार आत्म्यावर होतो.

तेव्हा स्वतःचा आवाज हरवेल म्हणून वाचन टाळणाऱ्या तरुणाला या मुलखाचा इतिहास धीर देतो. कथा जुनी असून सर्वसेनाचा आवाज तिच्यात हरवला नाही, आणि वाल्मीकी-भवभूतीचे नाव घेऊनही राजशेखर राजशेखरच राहिला. धोका वेगळ्या ठिकाणी आहे, आणि तोही राजशेखराने सांगून ठेवला आहे. ग्रंथ कशाने नष्ट होतात याची त्याने कारणे दिली: कोणाकडे ठेव म्हणून ठेवणे, विकणे, दान देऊन टाकणे, देश सोडणे, अल्पायुष्य, तुटफूट, आग आणि पाणी. म्हणून एका काव्याच्या अनेक प्रती करून ठेवाव्यात, असा त्याचा सल्ला आहे. पोथ्यांच्या शेवटी लेखनिकही हीच काळजी करतात: तेलापासून सांभाळा, पाण्यापासून सांभाळा, सैल बांधू नका. ‘हरिविजय’ यांतल्या कोणत्या तरी कारणाने गेले. कारंज्याची अपभ्रंश काव्ये कोणी तरी पुन्हा पुन्हा उतरवून ठेवली म्हणून राहिली.

धनज, कारंजा, मानोरा, मंगरूळपीर, वाशीम या भागांत अजूनही जुन्या घरांच्या माळ्यावर, देव्हाऱ्यात, कापडात बांधलेल्या पोथ्या असतात. त्या कोणाला वाचता येत नाहीत आणि टाकवतही नाहीत, म्हणून पुष्कळदा नदीत सोडल्या जातात. तसे करू नका. पाण्यात सोडण्याआधी पोथी एखाद्या प्राध्यापकाला, अभ्यासकाला किंवा ग्रंथालयाला दाखवा, निदान प्रत्येक पानाचा मोबाइलवर स्वच्छ फोटो काढून ठेवा, आणि शेवटचे पान आधी काढा, कारण लिहिणाऱ्याचे नाव, गाव आणि शक बहुधा तिथेच असतो.